इलेक्ट्रिकलवाल्यांना तिथे घेत नाहीत

प्रकाशाच्या सणाच्या अंकात वीज वितरणातल्या माणसाने लिहावे, यात मोठे औचित्य आहे असे संपादकांनी मला फोनवर सांगितले. ते बोलत असतानाच त्यांच्याकडची वीज गेली; मागचा पंखा थांबल्याचे मला ऐकू आले. त्यांनी सौजन्याने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. पण त्या दोन क्षणांच्या शांततेत माझ्या तीस वर्षांच्या सेवेचे परीक्षण उरकले गेले, असे मला वाटते.

ज्यांना या व्यवसायाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वीज तयार करणारे वेगळे, उंच मनोऱ्यांवरून ती दूरवर नेणारे वेगळे आणि ती घराघरांत पोहोचवून शिव्या खाणारे वेगळे. मी तिसऱ्या वर्गातला. पहिल्या वर्गाची छायाचित्रे दिनदर्शिकेवर छापून येतात. दुसऱ्या वर्गाला कोणी ओळखत नाही, म्हणून ते सुखी असतात. आणि आमचा मोबाईल क्रमांक गावातल्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असतो. माझी बहुतेक सेवा जालना जिल्ह्यात झाली. या काळात मी नाना प्रकारचे ग्राहक पाहिले. शहागडला महामार्गावर टायरचे दुकान असलेल्या एका गृहस्थाने आमच्या खांबाची सावली आपल्या पाटीवर पडते, म्हणून खांब दोन फूट सरकवावा असा रीतसर अर्ज केला होता. ते शक्य नाही म्हटल्यावर, "खांब न्हाई तर न्हाई, साहेब, सावली तरी सरकवा," अशी तडजोडही त्याने सुचवली. असे ग्राहक मला कायम आवडत आले, कारण त्यांच्या बाबतीत माझा अपराध नसे.

जून महिन्यात मात्र आमचे रूपांतर होते. वर्षभर ज्याला 'लाईटवाला' म्हणायचे त्याला जूनमध्ये 'इंजिनियर साहेब' म्हणावे, असा आमच्या भागातला संकेत आहे. बारावीचा निकाल लागलेला असतो आणि मुलाने कोणती शाखा घ्यावी हे घरात कोणालाच ठाऊक नसते. मग आई-बाप गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्या कार्यालयात येतात. आम्हीही वीजबिलाच्या तक्रारी बाजूला सारून राष्ट्राच्या भवितव्यावर बोलू लागतो. फुकट सल्ल्याचा एक मोठा गुण असा की तो कोणी तपासून पाहत नाही. या गुणावर मी बरीच वर्षे काढली.

अशीच सल्ल्याची एक बैठक आठ-नऊ वर्षांपूर्वी जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत झाली. मी तेव्हा जाफ्राबादला होतो. टेंभुर्णीत भानुदासभाऊंचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती त्यांच्याकडे आणतो. ते आतली जळकी तार काढून टाकतात, लाकडी फर्म्यावर तांब्याच्या नव्या तारेचे वेढे मोजून घेतात आणि मोटार पुन्हा उभी करतात. वेढ्यांची संख्या चुकली तर मोटार परत जळते, म्हणून ते मोजत असताना दुकानात बोलायचे नाही असा नियम आहे. तो सरपंचालाही लागू आहे. मोटारी जळण्याचे कारण बहुधा आमच्या विजेचा कमी दाब असे; त्यामुळे त्यांच्या व्यवसायाला माझा फार मोठा हातभार होता आणि ते मला देत असलेला मान अगदीच निष्कारण नव्हता.

त्यांची मुलगी अश्विनी बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. शेजारच्या शहरातल्या सरकारी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळेल इतके गुण होते. पण तिने कुठून तरी एका दूरच्या खाजगी संस्थेचे माहितीपत्रक मिळवले होते. तिथे अणुऊर्जा अभियांत्रिकी ही वेगळी शाखाच होती. दोन्ही कागद दुकानातल्या टेबलावर ठेवून, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पक्कड ठेवली होती. भानुदासभाऊ, अश्विनीचे मामा आणि मी बाकावर बसलो होतो. अश्विनी दाराशी उभी होती.

"मोटारीचं असतं तर मीच सांगितलं असतं," भानुदासभाऊ म्हणाले. "हे ॲटमचं काम. तुम्हीच सांगा साहेब, काय घ्यावं पोरीनं?"

माझ्या आधी मामांनीच निकाल दिला. "दाजी, यात इचारायचं काय? ॲटम म्हंजे बॉम्ब. उद्या पाव्हणे बघायला आले तर काय सांगायचं, पोरगी बॉम्बच्या कारखान्यात हाये?"

"मामा, वीज बनवतात तिथं," अश्विनी म्हणाली.

"एवढी वीज बनवून राह्यले तर मंग आपली लाईट का जाती?" प्रश्न त्यांनी भाचीला विचारला, पण पाहिले माझ्याकडे.

मग अश्विनी माझ्याकडे वळली. "सर, मला एवढंच सांगा. इलेक्ट्रिकल केलं, तर पुढं अणुभट्टीच्या कामाला घेतात का? घेत असतील तर मी हितंच सरकारी कॉलेजात जाते. लांब जायाचा खर्चा कशाला?"

सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने विचारलेला हा प्रश्न इतका नेमका होता, की त्याचे खरे उत्तर एका शब्दाचे होते. घेतात. अणुभट्टीत काय होते, हे ऐकून पुष्कळांची निराशा होते: तिथे पाणी उकळते. कोळशाऐवजी अणूच्या उष्णतेने उकळते एवढाच फरक. त्या पाण्याची वाफ चक्र फिरवते, चक्राला जोडलेले जनित्र वीज तयार करते, आणि तिथून पुढचे सगळे काम इलेक्ट्रिकलवाल्यांचे असते. त्याच्या आधीचेही निम्मे त्यांचेच असते, कारण भट्टी थंड ठेवणारे पंप काही भक्तिभावाने चालत नाहीत. पदवी इलेक्ट्रिकलची घ्यावी, मग परीक्षा व मुलाखत देऊन अणुऊर्जा खात्याच्या प्रशिक्षणाला जावे, हा राजमार्ग तेव्हाही होता आणि त्याच्याही आधी होता. 'अणू की इलेक्ट्रिकल' हा प्रश्नच मुळात त्या वयात सोडवण्याचा नव्हता.

मी म्हणालो, "नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांना तिथे घेत नाहीत."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही. मी स्वतः जाऊन आलो आहे. मला परत पाठवले होते."

खोटे बोलताना माणसाचा आवाज कापतो म्हणतात. माझा कापला नाही. त्या वाक्याचा मला वीस-बावीस वर्षांचा सराव होता.

तो कसा झाला तेही सांगितले पाहिजे. मी इलेक्ट्रिकलची पदवी घेतली त्या वर्षी अणुऊर्जेच्या प्रशिक्षणासाठी मला मुलाखतीचे बोलावणे आले होते. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी ते पत्र शाळेत नेऊन मुख्याध्यापकांना दाखवले, माझ्यासाठी रेक्झिनची नवी बॅग आणली. आईने दशम्या बांधून दिल्या. एसटीने मी तेव्हाच्या औरंगाबादला पोहोचलो. तिथून रेल्वे पकडायची होती. फलाटावर माझ्याच वयाची दोन मुले त्याच मुलाखतीला निघालेली भेटली. ती एकमेकांना प्रश्न विचारत होती आणि इंग्रजीत उत्तरे देत होती. मला प्रश्न कळत होते, उत्तरेही येत होती, पण त्या भाषेत ती तोंडातून निघतील असे वाटेना. त्यांनी मला नाव विचारले. ते मी मराठीत सांगितले आणि नावही मराठीतच असल्यामुळे निभावले. गाडी आली. ती दोघे चढली. मी बॅग घेऊन फलाटावरच उभा राहिलो.

दोन दिवस एका मित्राच्या खोलीवर काढले, दशम्या संपवल्या आणि घरी आलो. वडिलांनी विचारले, "काय झालं?"

"इलेक्ट्रिकलवाल्यांना तिथे घेत नाहीत."

"मग बोलावलं कशाला होतं?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. "चुकून," मी म्हणालो. वडिलांनी मान डोलावली. सरकारी कारभारावरचा त्यांचा जुना अविश्वास ऐनवेळी माझ्या उपयोगी पडला. पुढे ते गावभर सांगत राहिले, की पोराला बोलावणे आले होते, पण शाखा आडवी आली. हळूहळू ही हकिकत इतकी घासून गुळगुळीत झाली, की मलाही तिचा काठ टोचेनासा झाला. टेंभुर्णीत अश्विनीला 'घेतात' म्हणून सांगणे म्हणजे मी का गेलो नाही याचे उत्तर देणे होते. वीस-बावीस वर्षांची माझी अब्रू एका पारड्यात होती आणि एका मुलीचा मार्ग दुसऱ्यात. मला निवड करायला फार वेळ लागला नाही.

दूरच्या संस्थेची फी झेपणारी नव्हती आणि मामांना बॉम्बची भीती होती. अश्विनीने इलेक्ट्रिकल घेतले. तिने अणूचा नाद सोडला असे मी समजलो. समजायला काहीच खर्च नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ती वीज वितरणातच कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाली आणि योगायोगाने माझ्याच हाताखाली, भोकरदनला आली. केदारखेड्याचा भाग तिच्याकडे दिला. पहिल्या दिवशी पेढे घेऊन माझ्या केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "सर, तुमच्यामुळं." हे वाक्य तिने कृतज्ञतेने उच्चारले, असे मी पुढचे सव्वा वर्ष धरून चाललो होतो.

तिला गावाने आधी पारखून घेतले. एका म्हाताऱ्याने तिला विचारले, "साहेब कुठं गेलेत बाई?" ती म्हणाली, "मीच साहेब." तो म्हणाला, "बराबर. पण मोठे साहेब कुठं गेलेत?" सहा महिन्यांनी तोच म्हातारा माझ्याकडे येऊन सांगून गेला, की मॅडमला काही सांगायचे असेल तर तुम्ही मध्ये पडू नका, त्या बराबर करतात. मी मध्ये पडत नव्हतो. आयुष्यात एकदा पडलो होतो, ते पुरेसे होते.

त्यानंतरचा प्रसंग गेल्या जानेवारीतला. इथे पुन्हा थोडी ओळख करून द्यावी लागेल. विजेच्या लाईनवर काम करायचे असेल, तर लाईनमन आधी सबस्टेशनमधून परमिट घेतो. म्हणजे त्या लाईनचा पुरवठा बंद केला जातो आणि नोंदवहीत त्याचे नाव लिहिले जाते. काम संपले की ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून लाईन चालू करायची नाही. मंत्र्याच्याही नाही, त्याच्या बायकोच्याही नाही. आमच्या खात्यात पुष्कळ नियम आहेत आणि त्यातले बहुतेक कागद पिवळा पडेपर्यंत कोणी वाचत नाही. हा एक नियम मात्र माणसे मरून लिहिला गेला आहे.

त्या दिवशी सकाळी केदारखेड्याच्या लाईनवर कचरूनाना काम करत होते. नाना आमचे सर्वांत जुने लाईनमन, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले. यंत्रचालक रजेवर असल्यामुळे सबस्टेशनमध्ये अश्विनी स्वतः बसली होती. आणि मी केदारखेड्यात एका स्थानिक पुढाऱ्याच्या सत्काराला पहिल्या रांगेत बसलो होतो, कारण तिथे अनुपस्थित राहणे हे माझ्या अधिकारात बसत नव्हते. सत्कारमूर्ती येऊन बसले, हार आले, फेटे आले, पण लाईन बंद, म्हणून ध्वनिक्षेपक मुका. आयोजक माझ्या खुर्चीपाशी येऊन वाकला.

"साहेब, सगळ्या गावासमोर आमची अब्रू घालवून राह्यले तुम्ही. जल्दी करा ना जरा."

तेवढ्यात नानांच्या सोबतचा मदतनीस मोटारसायकलवरून रस्त्याने चाललेला दिसला. मी हात करून विचारले, "झालं का काम?" त्यानेही हात केला. "झालं साहेब!"

मी अश्विनीला फोन लावला. "काम झालंय. लाईन चालू कर."

"सर, परमिट नानांच्या नावावर आहे. नाना आले न्हाईत अजून."

"मदतनीस मला आत्ता भेटला. झालंय म्हणतो."

"त्याच्या नावावर परमिट न्हाई सर."

आयोजक ऐकत होता, पहिली रांग ऐकत होती. एरवी मी हळू बोलणारा माणूस आहे. त्या दिवशी माझा आवाज चढला. "अश्विनी, मी तुझा वरिष्ठ म्हणून सांगतोय. चालू कर."

"नाना सोता येईस्तोवर मी हात लावणार न्हाई," ती म्हणाली. "कारवाई करायची तर करा सर." आणि तिने फोन ठेवला.

मी तिच्यावर करायच्या कारवाईची भाषा मनात जुळवत बसलो. आमची कार्यालयीन मराठी अशा कामाला फार उत्तम आहे. वीस मिनिटांनी नाना सबस्टेशनला पोहोचले, त्यांनी परमिट परत केले आणि वीज आली. मग कळले ते असे: पहिल्या खांबावरचे काम झाले होते, मदतनीस खोटे बोलला नव्हता. पण उतरल्यावर नानांना पुढच्या खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तडकलेला दिसला. परमिट हातात आहेच, तर तोही बदलून टाकू, म्हणून ते वर चढले. मी पहिल्या रांगेतून हुकूम सोडला, तेव्हा नाना त्या खांबावर होते आणि त्यांचे दोन्ही हात तारेवर होते.

सत्कार चांगला झाला. सत्कारमूर्तींनी भाषणात वेळेवर वीज दिल्याबद्दल माझे आभार मानले. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी अश्विनीला बोलावले. "काल माझं चुकलं," मी म्हणालो. "तू ऐकलं असतंस तर..."

"ऐकलं न्हाई ना सर. नाना जिते हायेत. सकाळी तंबाखू मळत बसल्ते बाहेर."

"तरी मला माफी मागायची आहे."

तिने केबिनचे दार लोटून घेतले. मग म्हणाली, "माफी नको सर. एक काम करता का? टेंभुर्णीला या आन् दादाला खरं काय ते सांगा." वडिलांना ती दादा म्हणते.

"कशाबद्दल?" मी विचारले. कशाबद्दल ते मला ठाऊक होते. पण विचारण्यात दोन सेकंद तरी जातात.

"इलेक्ट्रिकलवाल्यांना घेतात, त्याबद्दल."

तिला दुसऱ्या वर्षालाच कळले होते. महाविद्यालयाच्या फलकावर सूचना लागली होती आणि इलेक्ट्रिकलचीच एक मुलगी निवडली गेली होती. अश्विनीने घरी येऊन वडिलांना मोबाईलवर सगळे दाखवले. भानुदासभाऊ म्हणाले, मोबाईल काय बी दाखवतो. साहेब सोता तिथून माघारी आल्ते, ते खोटं कशाला बोलतील? मग त्यांनी असा निष्कर्ष काढला, की घरापासून लांब पळायला मुलगी बनाव रचते आहे. दोन दिवस ते जेवले नाहीत. तेव्हापासून त्या घरात हा विषय निघाला की 'तुझं ते खोटं' असा निघत असे.

"तू सांगायचं होतंस, की साहेबच खोटं बोलले," मी म्हणालो.

"मंग दादाला आपल्या दोघांतल्या एकाला खोटं म्हणावं लागलं असतं," ती म्हणाली. "त्यांनी मला म्हणलं. बस्स झालं." आणि पुढे सांगितले, "दादाच्या मनाविरुद्ध मी जाणार न्हाई सर. पण वयाच्या अटीत माझं हे शेवटचं वर्ष हाये. फार्म पुढच्या आठवड्यात बंद होतो. तुम्ही जे बोलला ते तुम्हालाच माघारी घ्यावं लागंल. दुसऱ्या कुणाचं दादा ऐकत न्हाईत."

पेढ्यांच्या दिवशीचे 'तुमच्यामुळं' मला त्या क्षणी नीट ऐकू आले.

रविवारी दुपारी मी टेंभुर्णीला गेलो. भानुदासभाऊ फर्म्याचा दांडा फिरवत वेढे मोजत होते. अश्विनी आणि मी बाकावर बसलो. बोलायचे नाही, या नियमाबद्दल मला इतका आदर पूर्वी कधीच वाटला नव्हता. वेटोळे पूर्ण झाले. त्यांनी ते दोऱ्याने बांधले.

"बोला साहेब. पोरीची काय तक्रार का?"

"नाही, नाही. फार चांगलं काम करते." मग मी तांबे किती महागले ते विचारले, यंदाच्या गव्हाची चौकशी केली, मामांची प्रकृती विचारली. मामा ठणठणीत होते. विषय संपले. त्यांनी नवे वेटोळे सुरू करायला तार हातात घेतली, तेव्हा मी म्हणालो, "भानुदासभाऊ, ते अणुऊर्जेचं. आता नियम बदललेत. आता इलेक्ट्रिकलवाल्यांनाही घेतात."

हे वाक्य मी घरून ठरवून आणले नव्हते. ते आपोआप आले, आणि किती सुबक आले! त्यात एकही माणूस खोटा ठरत नव्हता. भानुदासभाऊंचा चेहरा उजळला.

"असं व्हय! बघ अश्विनी, मी म्हणत नव्हतो का, साहेबांना बराबर ठाऊक असतं. घेत असले तर मंग भर की फार्म." आणि ते समाधानाने दांडा फिरवू लागले.

काम झाले होते. फॉर्म भरला जाणार होता. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात अश्विनीने, मोजणी सुरू असताना, अगदी साध्या आवाजात विचारले, "कवा बदलले सर?"

तिला हवा होता तो रस्ता मी मोकळा केला होता. पण त्या 'आता' शब्दाने तिला दुसऱ्या वर्षापासूनची खोटारडी ठरवून तसेच घरात ठेवले होते. नियम आज बदलला असेल, तर तेव्हा ती खोटेच बोलली होती. तिच्याकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. मी दांड्याकडे पाहत बोललो.

"बदलले नाहीत. पहिल्यापासून तसेच आहेत. तेव्हाही घेत होते. मला कोणी परत पाठवलं नव्हतं, भानुदासभाऊ. मी गेलोच नव्हतो. भ्यालो आणि स्टेशनवरून परत आलो. अश्विनीनं तुम्हाला मोबाईलवर दाखवलं ते खरं होतं."

दांडा थांबला. भानुदासभाऊंनी दांड्यावरचा हात काढला. "गिनती गेली," ते म्हणाले, आणि झालेले सगळे वेढे एकेक करून उलगडू लागले. उलगडून झाल्यावर त्यांनी विचारले, "म्हंजे पोरगी खरं बोलत होती."

"हो."

"कालेजात असल्यापून."

"हो."

"आन् मी तिला..." मग ते अश्विनीकडे वळून म्हणाले, "फार्म मोबाईलवर भरता येतो का?"

"येतो दादा."

"मंग भर. हितंच बसून भर."

ती तिथेच बाकावर भरू लागली. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडले, तर भानुदासभाऊंनी हाताने थांबवले. "ऱ्हाऊ द्या साहेब. तुमच्यावर राग न्हाई. तुम्ही वीजवाले, दाब कमी-जास्त व्हायचाच. मीटर लावून बघायचं काम माझं व्हतं. पोरगी मीटर घेऊन समोर उभी व्हती, आन् मी तिलाच न्हाई म्हणलं."

चहा आला. पाहुणचारात त्यांनी काही कमी केले नाही, बिस्किटेसुद्धा दिली.

नोकरीत असताना दुसरीकडे अर्ज करायचा, तर खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. तिचा तो कागद माझ्या टेबलावरून एका दिवसात पुढे गेला. माझ्या सेवेतली ही सर्वांत वेगवान फाईल, आणि तिला लागलेला खरा वेळ सात-आठ वर्षे. ती परीक्षा उत्तीर्ण झाली, मेमध्ये मुलाखतीचे बोलावणे आले. जालना स्टेशनपर्यंत सोडायला गाडी पाठवतो, असे मी म्हणालो. भानुदासभाऊंनी ते नाकारले. ते दुकान बंद ठेवून स्वतः तिच्यासोबत गेले, आणि ती आत जाईपर्यंत फाटकाशी उभे राहिले, असे अश्विनीने सांगितले. निकाल हा मजकूर देईपर्यंत आलेला नाही. संपादकांची मुदत अणुऊर्जा खात्यापेक्षा कडक आहे. निवड झाली तर ते यश सर्वस्वी तिचे. न झाली, तर चार-पाच वर्षांपूर्वी, अभ्यास ताजा असताना झाली असती का, हा प्रश्न सर्वस्वी माझा. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवणार, असे लोक मला विचारतात. माझी सोय झालेली आहे.

गेल्या जूनमध्ये नेहमीप्रमाणे लोक आले. केदारखेड्याचा एक शेतकरी माझ्यासमोर बसला. त्याची मुलगी बारावी झाली होती. त्याने आधी खिशातून शाळेच्या वहीचा कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"हे कशाला?" मी विचारले.

"टेंभुर्णीच्या भानुदासभाऊंकडं मोटार घेऊन गेल्तो. त्यांनी सांगितलं, इलेक्ट्रिकल का अणू ते साहेबाला इचार, पण लिहून घे."

मी पेन उघडले आणि लिहिले: 'इलेक्ट्रिकल शाखा घेतल्यानंतरही अणुऊर्जेत जाता येते. मला बोलावणे आले होते. मी भ्यालो, म्हणून गेलो नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

त्याने ओळींखाली बोट फिरवत सावकाश वाचले. "वरचं बराबर हाये साहेब. हे खालचं कशाला लिहिलं? पोरीनं ते इचारलं न्हवतं."

"वरचं तिला मोबाईलवरही मिळेल," मी म्हणालो. "खालचं तिथं सापडणार नाही."

त्याला ते पटले की नाही, कळले नाही. कागदाची घडी घालून त्याने खिशात ठेवली आणि दाराशी जाऊन मागे वळला. "आन् साहेब, आमच्या आळीची लाईट?"

"संध्याकाळपर्यंत येईल," मी म्हणालो.

ते मात्र त्याने लिहून मागितले नाही.